काजूही परदेशीच की

"काजूही परदेशीच. मिरची परदेशी, पपई परदेशी, पेरू परदेशी. मग सगळं उपटून टाकायचं काय?"

दादाचा हा निरोप गेल्या आठवड्यात घरच्या ग्रुपवर आला आणि काकांपासून भाचरांपर्यंत सगळ्यांनी त्यावर अंगठे उमटवले. निमित्त माझंच होतं. मी राहते न्यूझीलंडमध्ये. इथल्या 'ते रावहिती' नावाच्या किनाऱ्यावर पाणबुडे समुद्राच्या तळावरून बाहेरून आलेलं, परकं शेवाळ ओढून काढतायत, बार्जवर हिरव्या चिखलाच्या गोण्या भरल्या जातायत, असा एक व्हिडिओ मी टाकला होता आणि खाली लिहिलं होतं, "इथे लोक समुद्र कसा जपतात बघा." त्या वाक्यातला 'इथे' सगळ्यांना टोचला असणार, हे आता कळतंय. तेव्हा नव्हतं कळलं.

काकांनी लिहिलं, समुद्राला कसली आलीय सीमा. मामेबहीण म्हणाली, हिरवंगार छान तर दिसतंय, काढता कशाला? मग दादाचा दुसरा निरोप आला, आणि तो खरा लागला. "हे श्रीमंत देशांचे चोचले. तुमच्याकडं माणसं कमी नि पैसा जास्त. आमच्या खाडीत मासा उरला नाही, त्याचं बघू की शेवाळाला पासपोर्ट विचारत बसू? आणि नवीन शिंपलं आलंच तर खाऊ की. कोकणातला माणूस शिंपल्याला भितो होय?"

तीनदा उत्तर लिहिलं, तीनदा पुसलं. ग्रुपवर चार ओळींत मावणारं ते नव्हतंच. म्हणून इथे लिहिते आहे.

मी ऑकलंडमध्ये एका मरीनाच्या, म्हणजे खासगी बोटी लावायच्या धक्क्याच्या, ऑफिसात काम करते. अकरा वर्षं झाली. हिशेब माझ्याकडे, शिवाय सुट्टीच्या दिवसांत काउंटरही. कोणी रात्रीपुरती बोट लावायला आला की मी आधी बोटीच्या बुडाबद्दल विचारते. बुडाला काही चिकटू नये म्हणून देतात तो रंग कधी दिला? सहा महिन्यांच्या आत दिला असेल तर पावती दाखवा. नसेल तर गेल्या महिन्याभरात बोट वर उचलून धुतल्याची पावती दाखवा. दोन्ही नसेल तर जागा नाही. गेल्या लेबर वीकेंडला एक गृहस्थ बायकोमुलांसह आले होते, बोट सुरेख, वरून चकाचक, पावती एकही नाही. बराच वेळ भांडले. मी हललेच नाही. शेवटी त्यांनी बोट शेजारच्या यार्डात उचलून घेतली, आणि पट्ट्यांवर ती वर आली तेव्हा बुडाच्या मागच्या भागात, पंख्याजवळ, फॅनवर्मचे चार-पाच झुबके लोंबत होते. नळ्या हातभर लांब. पाण्यात असताना त्यांच्या टोकाला पिसाऱ्यासारखा पंखा उघडतो, फार देखणा. पाण्याबाहेर तो मिटतो आणि उरतात ओल्या, राखाडी नळ्या. त्या माणसाचा चेहरा उतरला. त्यानं माझी माफी मागितली.

फॅनवर्म हा भूमध्य समुद्रातला किडा. २००८ मध्ये इथल्या दक्षिण बेटावरच्या लिटल्टन बंदरात सापडला, २००९ मध्ये आमच्या ऑकलंडच्या वाइटेमाटा बंदरात. इथून तो काढण्याचा नाद सोडून द्यावा लागला, इतका तो पसरला. पण उत्तरेला नॉर्थलंडमध्ये अजून पाणबुडे खाली जाऊन तो एक-एक करून हातानं उपटतात, आणि तिथला नियम असा की एका जागेवरून दुसऱ्या जागी जाणाऱ्या बोटीच्या बुडावर पातळ थरापलीकडे काही चिकटलेलं चालत नाही. मोठ्या जहाजांनाही सूट नाही. २०१८ च्या मे महिन्यापासून या देशात येणाऱ्या प्रत्येक जहाजाला बूड स्वच्छ ठेवूनच यावं लागतं. सगळ्या देशाला लागू होणारा असा नियम जगात पहिल्यांदा इथेच झाला. शिवाय २००२ पासून सरकारी समुद्रसंशोधन संस्थेचे लोक वर्षातून दोनदा मोठ्या बंदरांत आणि मरीनांत उतरतात, खांब, दोर, तळ, सगळं तपासतात. नवीन काही आलंय का, एवढंच बघायला.

हे सगळं मला दादाला सांगायचं होतं. आणि सांगताना माझा आवाज वरच्या पट्टीत गेला असता, हेही मला ठाऊक आहे.

आधी त्या शेवाळाचं सांगते, कारण मामेबहिणीला ते छान वाटलं. कॉलर्पा त्याचं नाव. मूळचं हिंद-प्रशांत भागातलं, म्हणजे एका परीनं आपल्याच बाजूचं. २०२१ च्या जुलैत ते इथे पहिल्यांदा ऑकलंडजवळच्या ग्रेट बॅरियर बेटाच्या ब्लाइंड बेमध्ये सापडलं. आधी तिथे, मग अहुअहु बेटाला, मग २०२३ मध्ये 'ते रावहिती'ला, त्याच वर्षी कावाउ आणि वाइहेके या बेटांना. ते बियांनी पसरत नाही. तुटलेल्या तुकड्यांनी पसरतं. नखाएवढा तुकडा नांगराच्या साखळीत अडकला, साखळी ओली राहिली, दुसऱ्या उपसागरात नांगर पडला, की तिथे नवी गादी तयार. आणि गादी हाच शब्द बरोबर आहे. वाळूवर, खडकावर, शिंपल्यांच्या वस्तीवर ते असं अंथरलं जातं की खाली काही जगत नाही. जिथे पोरं गुडघाभर पाण्यात पायाच्या अंगठ्यानं पिपी, म्हणजे इथली लहान शिंपलं, उकरायची तिथे आता हिरवा गालिचा. त्या भागांत नांगर टाकायला बंदी आली, बहुतेक मासेमारीला बंदी आली. सरकारी बंदी होती आणि तिथल्या इवींनी, म्हणजे माओरी जमातींनी, घातलेला राहुईही होता, म्हणजे त्यांच्या परंपरेतली बंदी. ज्या माणसांचं पोट त्या पाण्यावर होतं त्यांनी स्वतःच्या हातानं ते पाणी बंद करून घेतलं. दादा, हे चोचले नव्हेत.

आता काजू.

काजूवर मी रात्रभर विचार केला, कारण मुद्दा कच्चा नाही. काजू पोर्तुगीजांनी आणला, ब्राझीलमधून, आणि आज काजू काढून टाकला तर आपल्या डोंगरांवर आणि आपल्या ताटात काय उरेल सांगता येत नाही. माझी आई ओल्या काजूगरांची उसळ करायची तेव्हा तिला कोणी सांगितलं असतं की बाई, हे परकं झाड आहे, तर तिनं त्याला चहा देऊन वाटेला लावलं असतं. परकं म्हणून वाईट असं मी म्हणतच नाही. पण दादा, तू काजूचं नाव घेतलंस, रानमोडीचं का नाही घेतलंस? तीही अमेरिकेकडूनच आली. ती काय करते तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. घराच्या मागच्या वरकस जमिनीत तिच्याखाली गवत उगवत नाही, गुरं तोंड लावत नाहीत, आणि आई दर वर्षी पावसाच्या आधी कमरेत वाकून ती उपटायची. परदेशी म्हणून नव्हे, बाकी सगळं गिळते म्हणून उपटायची. जलपर्णीचंही तेच. तेव्हा आपल्याला हा फरक कळतो. जमिनीवर आपल्याला तो चांगला कळतो.

पाण्याखाली कळत नाही, कारण पाण्याखाली दिसत नाही. काजू कुणीतरी हातानं लावला. तो वाढताना लोकांनी पाहिला, नको असता तर कोयती घेऊन डोंगरावर जाता आलं असतं. बंदरात आलेलं शिंपलं कुणी लावलेलं नसतं. ते दिसतं तेव्हा त्याची तिसरी पिढी खांबाला लागलेली असते.

या शिंपल्याबद्दलच मला जास्त सांगायचं आहे.

नोकरीला लागले त्या वर्षी आमचं एक दिवसाचं प्रशिक्षण झालं. शिकवणाऱ्या बाईंनी डार्विन शहराची गोष्ट सांगितली, या कामातल्या लोकांना ती पाठ असते. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या डार्विनला भरती-ओहोटीतला फरक आठ मीटरपर्यंत जातो, म्हणून तिथल्या मरीनांना पाणी अडवणारे दरवाजे आहेत. १९९९ च्या मार्चमध्ये तिथल्या कलन बे मरीनात पाणबुड्यांना एक बारीक, पट्टेवालं शिंपलं दिसलं. सहा महिन्यांपूर्वी त्याच ठिकाणी पाहणी झाली होती, तेव्हा एकही नव्हतं. आता चौरस मीटरला २३ हजारांवर होती. दरवाजे बंद केले. तीन मरीना बंद. आत क्लोरीन ओतलं, मोरचूद ओतलं. आपण बोर्डो मिश्रण करून सुपारीवर फवारतो तेच मोरचूद. महिन्याभरात शिंपलं संपलं, आणि त्याच्यासोबत आतले मासे, खेकडे, जे काही होतं ते सगळं संपलं. मरीनातून आधीच निघून गेलेल्या बोटी किनाऱ्या-किनाऱ्यानं शोधून काढून तपासल्या. एकदा पसरलेला समुद्री जीव पुरता काढून टाकता आल्याची उदाहरणं जगात हातावर मोजण्याइतकी, त्यातलं हे एक.

मग बाईंनी नकाशा लावला. या शिंपल्याचं नाव मायटिलॉप्सिस, मूळ मेक्सिकोच्या आखाताकडचं आणि कॅरिबियनचं. ते कुठे कुठे गेलं याचे लाल ठिपके. एक ठिपका विशाखापट्टणमवर, १९६७. दुसरा मुंबईवर.

वर्गात आम्ही चौदा जण होतो. कोणी माझ्याकडे पाहिलं नाही, पाहण्याचं काही कारणही नव्हतं. पण माझे कान तापले. आपल्या गावच्या माणसाचं नाव पोलीस चौकीच्या फळ्यावर दिसावं तसं झालं. चहाच्या सुट्टीत मी शेजारच्या मुलीला उगाच सांगत बसले की मुंबई फार मोठं बंदर आहे, किती जहाजं येतात, कुठे कुठे बघणार. तिनं विचारलंच नव्हतं.

म्हणजे दादा, आपल्याकडे १९७० च्या दशकापासून मुंबईच्या गोदीत जे शिंपलं आहे, त्याच शिंपल्यासाठी डार्विननं तीन मरीनांतला जीव न् जीव मारला. आपण काय केलं? आपण त्याच्यासोबत राहायला लागलो. थरावर थर चढतात, खांब, दोर, जहाजाची बुडं, पाणी आत घेणारे पाइप सगळं भरून टाकतात. गोदीतले लोक खरवडत राहतात.

'खाऊ की' म्हणालास. हे शिंपलं जेमतेम इंचभर. आत गर तो काय? आपली कालवं, तिसऱ्या, शिनाणे यांच्याशी त्याची बरोबरी नाही, पण त्यांच्या जागेशी आहे. केरळात अष्टमुडीच्या खाडीत काय झालं ते वाच. तिथल्या तिसऱ्यांच्या मासेमारीला २०१४ मध्ये शाश्वत मासेमारीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं, भारतात पहिलं. त्यानंतर थोड्याच वर्षांत अमेरिकेकडचं दुसरं एक शिंपलं, मायटेला, तिथे आणि कोचीच्या पाण्यात पसरलं. तळावर त्याच्या चटया पसरल्या आणि खालच्या तिसऱ्यांवर संकट आलं. त्या पाण्यात बुडी मारून तिसऱ्या काढणारी माणसं श्रीमंत देशातली नाहीत. इथेही १९८७ मध्ये वेलिंग्टनला जपानकडचं उंडारिया आलं, तेच ज्याला बाजारात वाकामे म्हणतात, सुपात घालून खातात. चवीचं आहे, विकतात. म्हणून ते थांबलं नाही. खाण्यानं पोट भरतं, समुद्र रिकामा होत नाही.

हे सगळं लिहिताना मला फार बरं वाटत होतं. एकेक उत्तर कसं चपखल बसत होतं. मग मी पैशाच्या मुद्द्याकडे वळले आणि तिथे माझी गाडी रुतली.

मला म्हणायचं होतं की आपल्याकडे कुणाला याची जाणीवच नाही. ते खरं नाही. २००० ते २००४ या काळात संयुक्त राष्ट्रांचा एक कार्यक्रम झाला, जहाजांच्या पोटातल्या पाण्यातून येणाऱ्या जीवांवर. जहाज रिकामं असलं की तोल राखायला टाक्यांत समुद्राचं पाणी भरतं आणि माल चढवताना ते दुसऱ्या बंदरात सोडतं, ते पाणी. विकसनशील जगातली सहा बंदरं त्यासाठी निवडली होती. ब्राझीलमधलं सेपेतिबा, चीनमधलं दालियान, इराणचं खार्ग बेट, दक्षिण आफ्रिकेतलं सालदान्या, युक्रेनमधलं ओडेसा. आणि मुंबई. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांनी मुंबईच्या बंदरात उतरून काय काय राहतं त्याची मूळ नोंद तेव्हा करून ठेवली. दोना पावलाची ती संस्था, जिच्यावरून कॉलेजच्या सहलीत आमची बस गेली होती आणि आम्ही गाणी म्हणत होतो. न्यूझीलंडचा बुडाचा नियम व्हायच्या चौदा वर्षं आधी मुंबईचं ते काम पूर्ण झालं होतं. माणसं होती, डोकी होती, मायक्रोस्कोपही होते.

तेव्हा प्रश्न पैशाचा कमी आणि चालू ठेवण्याचा जास्त. पाण्याच्या टाक्यांबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार २००४ मध्ये झाला, २०१७ च्या सप्टेंबरमध्ये लागू झाला. त्यात सामील व्हायला आपल्या केंद्रीय मंत्रिमंडळानं २०१५ मध्ये मंजुरी दिली. मंजुरी देणं आणि दर सहा महिन्यांनी त्याच खांबावर माणूस उतरवणं यांत जे अंतर आहे, तिथे आपण नेहमी हरतो. हे मी चिडून लिहिते आहे, पण परकी होऊन नाही.

आता वाढवणचंच बघा. ७६ हजार कोटींचं बंदर, २०२४ च्या ऑगस्टमध्ये पायाभरणी झाली. वीस मीटर खोल पाणी, जगातली सर्वांत मोठी कंटेनर जहाजं येतील असं सांगतात. मी त्यावरचे मराठी लेख इथे पहाटे उठून वाचते. मच्छीमारांची जागा जाणार, डहाणूच्या किनाऱ्याचं काय होणार, नोकऱ्या कुणाला मिळणार, जमिनी कोण घेऊन ठेवतंय. सगळे प्रश्न खरे आहेत आणि मच्छीमारांचा प्रश्न सगळ्यात खरा आहे. पण त्या जहाजांच्या बुडाला काय चिकटून येणार, बंदर सुरू व्हायच्या आधी आज त्या खडकांवर काय काय राहतं याची यादी कोण करणार, हे मी वाचलेल्या एकाही लेखात नाही. बाजूनं बोलणाऱ्यांच्या नाही आणि विरोधात बोलणाऱ्यांच्याही नाही. आजची यादी नसेल तर वीस वर्षांनी नवीन काय आलं हे कशावरून सांगणार? डार्विनला 'सहा महिन्यांपूर्वी नव्हतं' असं ठामपणे म्हणता आलं, म्हणून दरवाजे बंद करायची हिंमत झाली.

आणि आपलं जयगड. दादा, तू रोज बघतोस ती कोळशाची जहाजं. ती भरून येतात, रिकामी जातात. म्हणजे टाक्यांतलं पाणी ती आपल्याकडे फारसं सोडत नाहीत, उलट आपल्याकडचं घेऊन जातात. आपली पिल्लं दुसऱ्याच्या बंदरात. गोव्यात मुरगावला उलटं होतं, खनिज न्यायला जहाजं रिकामी यायची, म्हणजे पोटात परकं पाणी घेऊन. आपल्याकडे धोका बुडाचा. म्हणजे तुझ्या नजरेच्या टप्प्यातला.

इथवर लिहिलं आणि दादाचा फोन आला. निरोप नाही, फोन. इथे रात्रीचे साडेनऊ, तिकडे दुपारचे तीन. पावसाळी बंदी चालू, बोटी वर ओढलेल्या, म्हणून त्याला वेळ होता. "रागावलीस काय गो?" म्हणाला. मी म्हटलं, नाही. मग अर्धा तास मी वर लिहिलेलं सगळं त्याला ऐकवलं. डार्विन, मुंबई, अष्टमुडी. तो मधे बोलला नाही. शेवटी म्हणाला, "बरोबर असंल तुझं. पण बघायचं कुणी? तू पावसात कधी आलीस शेवटची?"

२००९ नंतर मी एकही पावसाळा घरी पाहिलेला नाही. येते ती डिसेंबरात, मुलांच्या सुट्टीत, तीन आठवडे, त्यातला एक पुण्यात.

बाबांची लाकडी होडी होती. मे अखेरीला ती ओंडक्यांवरून वर ओढायची, माडाच्या झावळ्यांनी शाकारायची. त्याआधी बूड खरवडायचं. हे काम मला आणि दादाला असे. लोखंडी पट्टीनं चिकटलेली कवचं काढायची, बोटं सोलून निघत. मग बाबा बुडाखाली झावळ्या पेटवून धग द्यायचे, लाकूड पोखरणारा किडा मरावा म्हणून, आणि वर तेलाचे हात. मुशीच्या तेलाचा तो वास आठवडाभर अंगाला. नारळी पौर्णिमेला होडी पुन्हा पाण्यात जायची ती कोरी होऊन. आज मी काउंटरवर ज्याची पावती मागते ते काम माझ्या बापानं कुणी न सांगता आयुष्यभर दर वर्षी केलं. प्रशिक्षणाच्या दिवशी हे मला आठवलं नाही. मुंबईवरचा लाल ठिपका दिसला, आपली होडी दिसली नाही.

ती होडी २००९ मध्ये विकली. माझ्या इथल्या कॉलेजची फी भरायला. दादा तेव्हापासून दुसऱ्याच्या बोटीवर तांडेल आहे. त्यानं हे कधी बोलून दाखवलं नाही, परवाही नाही.

आणखी एक गोष्ट आहे, ती मी त्याला फोनवर सांगितली आणि इथेही सांगते. २०२१ च्या जानेवारीत आम्ही ग्रेट बॅरियरला गेलो होतो, नवऱ्याच्या मित्राच्या बोटीनं. ब्लाइंड बेमध्ये नांगर टाकून दोन रात्री राहिलो. तिथल्या वाळूत धाकट्या लेकीचा मी काढलेला फोटो आहे, तिच्या दोन्ही हातांत हिरवं शेवाळ, केसांवरही ठेवलेलं, हसतेय. सहा महिन्यांनी त्याच जागी कॉलर्पा सापडल्याची बातमी आली तेव्हा मी तो फोटो उघडला. मोठा करून करून पाहिला. ते साधं शेवाळ असेल. ते असेलही. फोटोवरून सांगता येत नाही. पण मी, जी रोज लोकांना बुडाचे प्रश्न विचारते, ती त्या वाळूवर उभी होते आणि मला वाटलं, हिरवंगार छान दिसतंय. मामेबहिणीचेच शब्द. आम्ही निघताना नांगराची साखळी धुतली का, हे नवऱ्याला आठवत नाही, मलाही नाही.

इथेही सगळं वेळेवर होतं असं नाही, हे मी व्हिडिओखाली लिहायला हवं होतं. शेवाळ एका उपसागरात होतं तेव्हा जो जोर लावायचा तो पुढच्या चार उपसागरांत गेल्यावर लावला, असं बेटावरची माणसं म्हणतात, आणि तारखा बघितल्या तर मला त्यांचं पटतं. फरक इतकाच की त्या बेटावर कुणीतरी खाली वाकून पाहिलं आणि फोन केला.

दादा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ते मुंबईचं शिंपलं दिसतं कसं?"

मी सांगितलं. शिनाण्याच्या पिल्लासारखं, पण काळपट-तपकिरी, काहींवर नागमोडी पट्टे. इंचभर. झुपक्यानं राहतं, खाऱ्या आणि गोड्या पाण्याच्या मिश्रणात जास्त खूश, म्हणजे खाडीत, आणि पावसाळ्यातही तग धरतं. तो म्हणाला, जुन्या धक्क्याच्या खांबाला तसलं काहीतरी आहे, दोनेक वर्षं बघतोय, पोरं म्हणतात आधी नव्हतं. माझ्या पोटात गोळा आला.

काल इथल्या रात्री, तिकडे ओहोटीच्या वेळी, त्यानं पुन्हा फोन केला. व्हिडिओवर. पाऊस थांबला होता, आभाळ खाली आलेलं. तो गुडघाभर चिखलात उभा, एका हातात फोन, दुसऱ्या हातात कोयती. खांबावरून त्यानं एक झुपका काढला आणि तळहातावर ठेवून कॅमेऱ्यासमोर धरला. मी म्हटलं, शेजारी नाणं ठेव. त्यानं दहाचं नाणं ठेवलं. शिंपलं नाण्याहून लहान. रंग नीट दिसेना, पट्टे आहेत की चिखल ते कळेना. ते आपलंच असू शकतं. आपल्या खाडीतल्या लहान शिंपल्यांची नावं मला येत नाहीत, त्याला येतात ती वेगळी.

"उघड," मी म्हटलं. "आतून, टोकाच्या कोपऱ्यात बघ. एक बारीकशी फळी असते, कपाटातल्या कप्प्यासारखी. शिनाण्याला ती नसते."

त्यानं कोयतीचं टोक घालून शिंपलं उघडलं. अर्धं हातात धरून डोळ्याजवळ नेलं, लांब नेलं.

"दिसत नाही नीट," म्हणाला. "थांब, चष्मा घेऊन येतो. फोन ठेवू नको."

फोन त्यानं धक्क्यावर ठेवला, कॅमेरा आभाळाकडे. मी राखाडी आभाळ बघत बसले. खाली खाडीचं पाणी खांबांत शिरत होतं, त्याचा आवाज येत होता.